ठणठणीत गिनी पिगची नेहमीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिनी पिग पाळणारे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे वरवर निरोगी दिसणाऱ्या गिनी पिगच्या नेहमीच्या तपासणीबद्दल आहेत. तुमच्याकडचा आत्ता आजारी वाटत असेल, तर बाकीचं सोडून थेट प्रश्न १९ वाचा.

१. आमचा गिनी पिग मस्त खातो, उड्या मारतो. काहीच झालेलं नसताना डॉक्टरकडे कशाला न्यायचा?

कारण दुखणं लपवण्यात या प्राण्याचा हात कोणी धरणार नाही. निसर्गात तो दुसऱ्याचं भक्ष्य असतो, त्यामुळे अशक्त दिसणं त्याला परवडत नाही. दाढ टोचत असली तरी तो कळपाबरोबर खाण्यापाशी येतो, पान उचलतो, तोंड हलवतो. आपल्याला वाटतं, खातोय की! तो कोपऱ्यात फुगून बसलेला दिसतो तोवर आजार बहुतेक वेळा जुना झालेला असतो. वाढलेल्या दाढा, मूत्राशयातला खडा, अंडाशयातल्या पाण्याच्या गाठी या तिन्ही गोष्टी गाजावाजा न करता सुरू होतात आणि हाताने, कानाने, दिव्याने शोधाव्या लागतात.

दुसरा फायदा नोंदीचा. बरा असताना त्याचे दात कसे होते, वजन किती होतं, हृदयाचा आवाज कसा होता हे लिहिलेलं असलं, की पुढे काही बदललं तर लगेच कळतं.

२. किती वेळा न्यायचं?

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा, मग वर्षातून एकदा, आणि चार वर्षांचा झाला की दर सहा महिन्यांनी. गिनी पिगचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं. म्हणजे त्याच्या हिशेबात एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ झाला.

३. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं तर चालेल का?

त्यांना गिनी पिगचा सराव असेल तर जरूर चालेल. पदवीपेक्षा सराव महत्त्वाचा. वेळ घेताना फोनवरच तीन गोष्टी विचारा: तुमच्याकडे गिनी पिग नियमित येतात का, दाढा कशाने बघता, आणि भुलीआधी उपाशी ठेवायला सांगता का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो, रात्रीपासून काही देऊ नका’ असं आलं तर दुसरा दवाखाना शोधा (कारण प्रश्न ७ मध्ये).

अँटिबायोटिकचा मुद्दा याहून गंभीर आहे. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं, विशेषतः तोंडावाटे दिली तर, गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात, विष तयार होतं आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्याला सर्रास दिलं जाणारं औषध इथे जिवावर बेततं. सराव असलेले डॉक्टर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधं निवडतात. चिठ्ठीवरचं नाव वाचायला आणि विचारायला अजिबात संकोचू नका.

४. तपासणीत डॉक्टर नेमकं काय काय बघतात?

चांगले डॉक्टर सुरुवातीला हातच लावत नाहीत. कॅरिअरमध्ये, म्हणजे न्यायच्या पेटीत, बसल्या बसल्या श्वास कसा चाललाय, चारही पायांवर भार सारखा आहे का, हे आधी बघतात. मग वजन. मग श्वास (मिनिटाला साधारण ४० ते १००), हृदयाचे ठोके (२३० ते ३८०) आणि गरज वाटली तर तापमान (३७.२ ते ३९.५ अंश सेल्सिअस). दवाखान्यात घाबरल्यामुळे आकडे वरच्या टोकाला असले तर त्यात नवल नाही.

नाक स्वच्छ दिसलं तरी पुढच्या पायांची आतली बाजू बघावी लागते. तिथली लव चिकटून तिच्या गुठळ्या झाल्या असतील, तर तो पायाने नाक पुसत राहिलाय. जबड्याच्या खालच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोटं फिरवली की दाढांची मुळं खाली वाढल्याचे उंचवटे हाताला लागतात. हनुवटीखाली गाठ असेल तर ती पू झालेली लसिकाग्रंथी असू शकते. पोट हलक्या हाताने चाचपून मूत्राशय, मूत्रपिंडं आणि मादीत अंडाशयं तपासतात. त्यानंतर केस उलट्या दिशेने फिरवून त्वचा, कान, पायांचे तळवे, नखं आणि शेपटीच्या जागेवरची तेलग्रंथी. तळवे लाल, गुळगुळीत किंवा खपली धरलेले असतील तर तळव्याच्या जखमेची सुरुवात आहे. जाळीची जमीन, ओली गादी आणि जास्तीचं वजन ही तिची नेहमीची कारणं.

तोंडाचा भाग मोठा आहे, तो प्रश्न ६ मध्ये. पाच मिनिटांत उरकलेल्या तपासणीत मात्र काहीतरी सुटलेलंच असतं.

५. घरी वजन करायला सांगतात. कसं आणि किती वेळा?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. चार वर्षांवरच्यांचं दोनदा. वर्षाच्या तपासणीपेक्षाही ही सवय जास्त जीव वाचवते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघरातला एक-दोन ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर खोलगट भांडं ठेवा, तळाशी कापड घाला, आकडा शून्यावर आणा आणि मग त्याला आत ठेवा. एखादं पान टाकलं तर तो क्षणभर स्थिर राहतो. पान मात्र काटा शून्यावर आणण्याआधीच भांड्यात हवं. वहीत तारीख आणि ग्रॅम लिहा.

प्रौढ गिनी पिग ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो, नर सहसा जड. पोट भरलंय की लघवी झालीय यावर २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्याने घाबरू नका. ५० ग्रॅम घटले तर रोज वजन करायला लागा आणि तो खरंच चावून गिळतोय का ते बघत बसा. दहा टक्के घट म्हणजे वेळ न घालवता डॉक्टर. एक किलोच्या गिनी पिगमध्ये ही घट जेमतेम १०० ग्रॅमची. दाट केसांखाली ती डोळ्यांना दिसत नाही आणि रोज उचलणाऱ्या हाताला जाणवतही नाही.

खाणं चांगलं आणि वजन तरी उतरतंय, असं म्हाताऱ्या गिनी पिगमध्ये दिसलं तर दाढांबरोबर थायरॉइडचीही तपासणी मागा.

६. समोरचे दात सरळ आणि पांढरे आहेत. मग तोंड आतून बघायची काय गरज?

गिनी पिगला २० दात असतात. आपल्याला दिसतात ते समोरचे चार. उरलेल्या १६ दाढा आत आहेत आणि खरी गडबड तिथेच होते. सगळे दात जन्मभर वाढत राहतात आणि घासूनच झिजतात. खालच्या दाढा जिभेकडे कललेल्या असतात, वरच्या गालाकडे. झीज कमी पडली की खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा जिभेवर झुकतात आणि शेवटी जिभेवर पूल तयार होतो. जीभ खाली दाबली गेली की घास मागे ढकलता येत नाही. गिनी पिग भुकेला असतो, खाण्याकडे धावतो, पण घास गळून पडतो. वरच्या दाढा वाढल्या तर त्यांची टोकं गालाला जखमा करतात.

तोंड उघडतं जेमतेम बोटाएवढं, गालांच्या घड्या मध्ये येतात, आणि जवळजवळ कायम काहीतरी चावलेलं भरलेलं असतं. म्हणून जागेपणी कान तपासायच्या दिव्याच्या यंत्राने, म्हणजे ऑटोस्कोपने, जेवढं दिसतं तेवढं बघतात. त्यात बरंच काही सुटू शकतं, हे डॉक्टरांनीही मान्य करायला हवं. शंका आली तर हलकी भूल देऊन पूर्ण तोंड बघणं आणि कवटीचा एक्स-रे काढणं योग्य, कारण मुळांचं दुखणं फक्त एक्स-रेत दिसतं.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा: हनुवटी ओली, कडक भाजी सोडून मऊ पान निवडणं, चावताना तोंड एकाच बाजूला फिरवणं, लेंड्या लहान होणं. समोरचे दात वाढलेले दिसले म्हणून नेलकटरने कापू नका. दात उभा चिरतो. शिवाय समोरचे दात वाढण्याचं कारण अनेकदा मागच्या दाढांत असतं.

७. तपासणीला भूल लागते का? लागली तर उपाशी न्यायचं का?

नेहमीच्या तपासणीला लागत नाही. दाढा नीट बघायच्या किंवा घासायच्या असतील, किंवा फार धडपडणाऱ्याचा एक्स-रे काढायचा असेल तेव्हाच.

उपाशी न्यायचं नाही. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसाठीचं ते कारण इथे लागूच पडत नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि एकदा थांबली की पुन्हा सुरू करणं कठीण. भुलीच्या थोडं आधी डॉक्टर तोंडातला चोथा धुऊन काढतात, तेवढं पुरतं. सुकं गवत सोबत न्या, शुद्धीवर आल्या आल्या पुढे ठेवायला.

८. दरवर्षी लस आणि जंतांचं औषध द्यायचं का?

गिनी पिगसाठी नेहमीची अशी कुठलीही लस नाही. जंतांचं औषधही ठरावीक काळाने देत नाहीत. जुलाब असतील किंवा पिल्लू वाढत नसेल तर लेंड्या तपासून मग ठरवतात.

९. उवा किंवा माइट (त्वचेवरचे अतिसूक्ष्म किडे) यांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध थोडंसं टाकलं तर?

नको. ‘थोडंसं’ म्हणजे किती, हेच तिथे ठरलेलं नसतं, आणि काही औषधं या प्राण्याला मुळातच चालत नाहीत. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन डॉक्टर वजनावरून मोजून देतात.

तपासणीत त्वचा बघणं मात्र आवश्यक. उवा आणि त्यांची अंडी केसांवर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतात. ट्रिक्साकारस हा माइट त्वचेच्या आत बिळं करतो. तो खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली शोधावा लागतो आणि कधी कधी तिथेही सापडत नाही. त्याची खाज इतकी भयंकर असते, की काहींना हात लावताच झटके येतात. नाक-डोळ्यांभोवती गोल, खपली धरलेले चट्टे असतील तर बुरशीचा संशय घ्या. ती माणसांनाही लागते, म्हणून हात धुणं आलंच.

१०. दवाखान्यात नेताना कसं न्यायचं? जोडीदारालाही न्यायचं का?

कडक प्लॅस्टिकचं, वरून उघडणारं कॅरिअर उत्तम. समोरच्या दारातून ओढून काढताना पाय अडकतात. तळाशी टॉवेल, त्यावर भरपूर सुकं गवत आणि पाण्यासाठी काकडीचे दोन काप. पाण्याची बाटली प्रवासात गळते आणि तो गळक्या ओलीत बसतो. २६ अंशांच्या वर उकाडा असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या. यांना उष्माघात फार लवकर होतो.

जोडीदाराला जरूर न्या. दोघंही शांत राहतात आणि परत आल्यावर एकाच्या अंगाला दवाखान्याचा वास, दुसऱ्याच्या नाही, यावरून भांडणं होत नाहीत. कुत्री भुंकणाऱ्या रांगेत कॅरिअर जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

११. सोबत काय न्यायचं?

वजनाची वही. पेलेटच्या, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांच्या, पाकिटाचा फोटो, तयार केल्याची तारीख दिसेल असा. त्याच दिवशीच्या थोड्या लेंड्या. आणि खाताना, चालताना किंवा लघवी करताना काही वेगळं वाटलं असेल तर त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ, कारण दवाखान्यात तो एकदम शहाण्यासारखा वागणार.

१२. व्हिटॅमिन सी पुरेसं मिळतंय का, हे तपासणीत कळतं का?

सहसा रक्ताच्या चाचणीने नाही, तुमच्या उत्तरांवरून कळतं. माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, गाभण मादीला आणि वाढत्या पिल्लाला वरच्या टोकाचं. कमी पडलं की केस राठ, सांधे सुजलेले, हिरड्या नाजूक, आणि उचलल्यावर ओरडणं.

चूक बहुधा साठवणीत होते. पेलेटमधलं व्हिटॅमिन सी तयार झाल्यापासून साधारण ९० दिवसांत बरंच उतरतं. उघडं पाकीट उजेडात-उन्हात असेल तर आणखी लवकर. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण अर्धं संपेतो त्यातलं सी गेलेलं असतं. पाण्यात टाकायचे थेंब आम्ही सुचवत नाही: उजेडाने ते निकामी होतात, आणि चव बदलली म्हणून काही जण पाणीच कमी पितात. लाल ढोबळी मिरचीचा २०-२५ ग्रॅमचा तुकडा एका प्रौढाची दिवसाची गरज भागवतो. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनमधले ए आणि डी जास्त झाले तर बाधतात, म्हणून गोळी द्यायचीच तर नुसत्या सीची आणि डॉक्टरांना विचारून.

१३. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी दरवर्षी करावी का?

तरुण, वजन स्थिर असलेल्याला नाही. चार वर्षांनंतर पोटाचा एक्स-रे काढून ठेवणं उपयोगी, कारण गिनी पिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि एक्स-रेत स्पष्ट दिसतात. मादीत सोनोग्राफीने अंडाशयं कळतात (प्रश्न १४). रक्ताच्या शिरा बारीक, काही वेळा सुईसाठीही गुंगी द्यावी लागते. त्यामुळे ‘यातून काय कळलं तर आपण काय वेगळं करणार आहोत?’ हे आधी विचारा.

१४. मादीसाठी वेगळं काय बघतात?

दीड-दोन वर्षांनंतर अंडाशयातल्या गाठी इतक्या सर्रास होतात, की प्रत्येक तपासणीत पोटाच्या दोन्ही बाजू चाचपायलाच हव्यात. बाहेरून दिसणाऱ्या खुणा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे गळलेले केस आणि स्तनाग्रांवर खपली. खाज नसते, हा माइटपासूनचा फरक.

दुसरं गर्भारपण. पहिली वेण सहा-सात महिन्यांच्या वयाच्या आत झाली नसेल, तर ओटीपोटाच्या हाडांचा सांधा घट्ट होतो आणि बाळंतपण अडतं. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. त्यामुळे दीड वर्षाच्या मादीजवळ चुकून नर आला असेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट बघू नका. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ हे विकणाऱ्याचं म्हणणं पहिल्याच तपासणीत पडताळून घ्या. ते बऱ्याचदा चुकीचं निघतं.

१५. आणि नरासाठी?

गुदद्वाराभोवतीच्या खळगीत केस, गवत आणि चिकट स्राव साचतो. म्हाताऱ्या नरांत तिथले स्नायू सैल पडतात आणि मऊ लेंड्यांचा गोळा अडकून बसतो. तो काढायची पद्धत डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या. एकदा सुरू झालं की सहसा जन्मभर करावं लागतं. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आई-बहिणींपासून वेगळी करा. नसबंदी केलेला नरही पुढचे सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, हे धरून चाला.

१६. कानामागे टक्कल, डोळ्यांतून दूध, पांढरी लघवी. डॉक्टर म्हणतात ठीक आहे. खरंच?

खरंच. कानामागची केस नसलेली जागा जन्मजात. डोळ्यांतून अधूनमधून येणारा दुधाळ थेंब तोंड धुण्यासाठी असतो, तो पुढच्या पायांनी चेहऱ्यावर फासतो. लघवी वाळल्यावर खडूसारखा पातळ डाग उरणं कॅल्शियममुळे, आणि तासाभराने तिचा रंग नारिंगी होणं वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे. डाग वाळूसारखा खरखरीत लागला, लघवी ताजी असतानाच लाल दिसली किंवा करताना तो ओरडला, तर मात्र ठीक नाही. मऊ लेंड्या गुदद्वाराशी वाकून खाणंही नैसर्गिक आहे, त्यातून त्याला बी गटाची जीवनसत्त्वं मिळतात.

१७. नखं तपासणीच्या वेळीच कापून घेतली तर पुरे?

वर्षातून एकदा अजिबात पुरत नाही. चार ते सहा आठवड्यांनी कापावी लागतात. पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना तीन-तीन, अशी १४ नखं. पहिल्यांदा डॉक्टरांना हळू कापायला सांगा आणि बघून घ्या. पांढऱ्या नखात गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे कापायचं. काळ्या नखाच्या खालून टॉर्च धरा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून मिनिटभर धरा.

१८. नवा आणलाय. जुन्याजवळ ठेवून मग दोघांना एकदमच दाखवलं तर?

क्रम उलटा करा. आधी नव्याला दाखवा, दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचं आवरणं दिवसाच्या शेवटी करा. माइट, बुरशी, श्वसनाचे जंतू पहिल्या दिवशी दिसत नाहीत. घरात ससा किंवा कुत्रा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा: बोर्डेटेला हा जंतू त्यांच्यात काही त्रास न देता राहतो, गिनी पिगला मात्र न्यूमोनिया करतो.

१९. कोणत्या गोष्टींसाठी तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही? आणि दवाखान्यातून आल्यावर खात नसेल तर?

बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, तोंड उघडून श्वास, मान एका बाजूला कलणं, पातळ जुलाब, लघवीत रक्त, पाय ओढणं: यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी. पहाटेचे तीन वाजले असतील तरी फोन करा.

दवाखान्यातून आल्यावर दोन-तीन तास लपून बसणं चालेल. संध्याकाळपर्यंत आवडती भाजीही नाकारली तर डॉक्टरांना कळवा. सिरिंजने पातळ खाणं भरवायला ते सांगतील. त्याआधी पोट फुगलेलं आणि टणक नाही ना, हे बघणं गरजेचं. तसं असेल तर भरवायचं नाही, न्यायचं.

२०. आमचा सहा वर्षांचा आहे, हृदयाचं औषध चालू आहे आणि प्रवासाने धापा टाकतो. तरी सहा महिन्यांनी न्यायचाच का?

डॉक्टर घरी येत असतील तर तो पहिला पर्याय. नसतील तर ये-जा कमी करा, तपासणी सोडू नका: वजनाची वही आणि विश्रांतीत बसलेला असतानाचा मिनिटभराचा श्वासाचा व्हिडिओ आधी पाठवा, म्हणजे काय बघायचं हे डॉक्टरांचं ठरलेलं असेल. थांबायला लागणार नाही अशी वेळ मागा. आधी छाती, मग तोंड, मग नखं असा क्रम सांगा, आणि धाप लागली की जिथे असेल तिथे थांबायचं, हे टेबलावर घेण्याआधीच ठरवा. हृदयाचं औषध त्या दिवशीही नेहमीच्याच वेळी द्यायचं.